जलाशयातील होडी आणि मच्छीमारांचे संरक्षण

होडी बुडाल्याची वार्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोकणचा किनारा उभा राहतो. राहाता तालुक्यातील वाचकाला तर हा विषय आपला नव्हेच असे वाटण्याचा संभव आहे. तालुक्यात पुणतांब्याजवळून गोदावरी वाहते, कोल्हारजवळून प्रवरा वाहते. समुद्र येथून दूर आहे. परंतु गेल्या काही वर्षांतील घटना पाहिल्या तर महाराष्ट्रात लहान होडीचे भीषण अपघात नद्या व धरणे यांच्या पाण्यातही तितकेच झाले आहेत, असे दिसून येते. २०२४ च्या मे महिन्यात तर अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने असे दोन अपघात झाले. त्यांपैकी एक आपल्याच अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात घडला.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील कुगाव येथून पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील कळाशी गावाकडे निघालेली एक होडी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात सापडून उलटली. होडीत ७ माणसे होती. एकजण पोहून काठाला लागला, ६ जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. दुसऱ्याच दिवशी अकोले तालुक्यातील सुगाव बुद्रुक येथे प्रवरा नदीत पोहावयास गेलेले दोन तरुण बुडाले आणि त्यांच्यापैकी एकाचा शोध घेण्यासाठी २३ मे रोजी पाण्यात उतरलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोटच प्रवाहात उलटली. दलाचे ३ जवान मृत्युमुखी पडले. वाट दाखविण्यासाठी बोटीत बसलेला स्थानिक ग्रामस्थही वाचला नाही.

याआधी १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत होडी उलटून ११ जणांचा अंत झाला होता. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात मिरची तोडणीच्या कामाला निघालेल्या ६ स्त्रिया वैनगंगेत बुडाल्या. या घटनांतील बहुतेक माणसे सहलीला निघालेली नव्हती. कोणी मजुरीला, कोणी नातलगांकडे, कोणी धार्मिक विधीसाठी निघाले होते, आणि पलीकडे जाण्याचे जवळचे साधन होडी हेच होते.

मासेमारीची होडी आणि तर

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धरण झाले की नदीकाठची गावे दोन तीरांवर विभागली जातात. जुना उतार, जुना रस्ता पाण्याखाली जातो. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमेच्या दोन्ही काठांवरील गावांचा परस्परांशी असलेला नित्याचा संबंध होडीवर येऊन ठेपला. रस्त्याने जावयाचे तर मोठा वळसा, पाण्यावरून गेले तर थोडक्या वेळाचा प्रवास. अशा वेळी पहाटे चिलापी, कटला, रोहू यांसाठी जाळे सोडणारी होडीच दिवसा माणसे, दुधाचे कॅन आणि प्रसंगी मोटारसायकलही पलीकडे नेऊ लागते. भोई आणि इतर मच्छीमार कुटुंबांना त्यातून चार पैसे मिळतात. गावाचीही सोय होते.

अडचण अशी की ही होडी कागदोपत्री कोणाचीच नसते. मत्स्यव्यवसाय विभागाच्या दृष्टीने ती मासेमारीचे साधन आहे, प्रवासी वाहून नेण्याचे नव्हे. तरींविषयी १८६८ सालापासून कायदा आहे, परंतु ठरलेल्या तरीच्या बाहेर, हाकेसरशी सुटणाऱ्या होडीकडे त्याचे लक्ष क्वचितच गेले. अपघात घडला म्हणजे मग परवाना होता काय, अशी विचारणा सुरू होते. ही विचारणा आधी करणे कोणाचे काम होते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. संसदेने २०२१ मध्ये केलेल्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात यंत्राशिवाय चालणाऱ्या होड्यांचाही विचार केला आहे. अशा होड्यांची नोंद जिल्हा, तालुका व ग्रामपंचायत पातळीवर व्हावी, अशी त्यात कल्पना आहे. पंचायत सदस्यांनी या तरतुदीची माहिती करून घेणे अगत्याचे आहे. गावात होड्या किती, त्या कोणाच्या, त्यांत माणसे किती बसू शकतात, एवढी यादी करण्यास कोणत्याही मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

होडी उलटते कशी

समुद्राला लाटा असतात आणि धरणाचे पाणी शांत असते, ही समजूत चुकीची आहे. वारा मोकळ्या पाण्यावरून जितका लांब वाहतो तितक्या लाटा मोठ्या होतात. उजनी किंवा नाथसागर यांसारख्या जलाशयात कित्येक किलोमीटरपर्यंत वाऱ्याला आडकाठी नसते. त्यातच काठाकडे पाणी उथळ असले की लाटा आखूड व उभट होतात, आणि अशा लाटा लहान होडीला अधिक घातक ठरतात. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा ढग येतो तेव्हा पावसाच्या अगोदर त्यातून थंड हवेचा झोत खाली उतरतो व जमिनीवर आडवा पसरतो. आकाश एका बाजूस काळवंडलेले असते, डोक्यावर ऊन असते, आणि अवघ्या काही मिनिटांत पाणी खवळते. म्हणूनच ‘पाऊस अजून लांब आहे’ हा अंदाज नावाड्याला दगा देतो.

दुसरे कारण भाराचे. होडीचा काठ पाण्यापासून वीतभर वर असेल तर साध्या लाटेनेही पाणी आत येते. आत आलेले पाणी स्थिर राहत नाही. होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावते आणि तिला आणखी कलविते. याच वेळी बसलेली माणसे घाबरून उभी राहतात. वजन वर गेले की होडीचा तोल सुटतो. लाकडी होडी पाण्याने भरली तरी बहुधा तरंगत राहते. पत्र्याची होडी मात्र पाणी भरताच तळ गाठते. तिच्या फळ्यांखाली थर्माकोलचे ठोकळे पक्के बसविले तर ती उलटली तरी बुडत नाही, आणि पाण्यात पडलेल्या माणसाला धरावयास काहीतरी उरते. हा उपाय स्वस्त आहे. तो सर्वत्र केलेला आढळत नाही, याचे आश्चर्य वाटते.

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आणखी एक धोका उद्भवतो. बुडालेल्या गावांची पडकी बांधकामे, विहिरींचे काठ, झाडांचे खुंट पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात. उजनीच्या पाण्यातून पळसदेवचे प्राचीन मंदिर वर आले की ते पाहावयास लोक गर्दी करतात. त्याच सुमारास न दिसणारे अनेक अडथळेही वर आलेले असतात. जुन्या मच्छीमारांना ते ठाऊक असतात, नवख्या माणसाला नाही.

नदीवरील बंधाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडते तेथे ते खाली जाऊन पुन्हा वर येते व भिंतीकडे परत फिरते. वरून पाहणाऱ्याला तो केवळ फेस दिसतो. त्या फिरत्या पाण्यात सापडलेली वस्तू, मग ती माणूस असो वा बोट, भिंतीकडे ओढली जाते व तेथेच घुसळत राहते. यंत्राची बोटही त्यातून सुटेलच असे नाही. शोधकार्य सुरू करण्यापूर्वी पाटबंधारे अधिकाऱ्यांशी संपर्क साधून वरून येणारा विसर्ग थांबविणे शक्य आहे काय, हे पाहिले पाहिजे; आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी बोट न नेता काठावरून दोर टाकून काम करावे.

दोर, कॅन आणि जॅकेट

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून १५ जणांचे प्राण गेले. त्यानंतर जीवनरक्षक जॅकेटची चर्चा राज्यभर झाली. मच्छीमार जॅकेट घालीत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी आहे, परंतु तिला कारण आहे. जाड जॅकेटचे पट्टे जाळ्यात अडकतात, उन्हात ते अंगावर सहन होत नाही, आणि वल्हे मारताना हात मोकळे राहत नाहीत. म्हणून नुसता हुकूम काढून भागणार नाही. प्रवासी बसविताना प्रत्येकाच्या अंगावर, विशेषतः मुलांच्या अंगावर, जॅकेट असलेच पाहिजे. मासेमारीच्या वेळी निदान हाताशी काहीतरी तरंगणारे असावे.

पाण्यात असलेल्या माणसाचे डोके वर राहावे यासाठी फार मोठा आधार लागत नाही. चांगले जॅकेट सुमारे १० किलो भार पेलते. घट्ट झाकणाचा २० लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन त्याच्या जवळपास दुप्पट भार पेलू शकतो. होडीत असे दोन कॅन दोरीने बांधून ठेवले तर चार माणसांना मदत येईपर्यंत धरून राहता येईल. जॅकेटला हा पर्याय नव्हे, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा. शाळांतून शिक्षकांनी मुलांना ही गोष्ट प्रत्यक्ष दाखवावी. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी पाण्यात उडी न घेता कॅन, दोर, लांब काठी, किंबहुना जोडलेल्या दोन साड्या फेकाव्यात, हेही शिकवावे. गावोगावच्या शेततळ्यांच्या प्लास्टिक अस्तरावरून पाय घसरून होणाऱ्या दुर्घटनांतही हेच ज्ञान उपयोगी पडते.

अपघातानंतर

दुर्घटना घडताच पहिली होडी पाण्यात घालतो तो गावचा मच्छीमारच. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ ही बोट रेवसजवळ बुडून सहाशेहून अधिक लोक मरण पावले, तेव्हा वाचलेल्यांपैकी अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेतले होते. उजनीतही आपत्ती दलाबरोबर स्थानिकांच्या होड्या शोधात होत्या. मे महिन्याच्या उष्म्यात बुडालेला देह साधारणतः दोन-तीन दिवसांत वर येतो. उजनीतील मृतदेह २३ मे रोजी हाती लागले. ते दोन दिवस काठावर बसून राहणाऱ्या कुटुंबांची अवस्था शब्दांत सांगण्यासारखी नसते. त्यांच्याजवळ तलाठी, ग्रामसेवक किंवा शिक्षक यांपैकी कोणी तरी सतत असावे व शोध कोठवर आला हे त्यांना वेळोवेळी सांगावे. अफवांना त्यामुळे आळा बसतो.

नंतरचे प्रश्न कागदपत्रांचे असतात. मृत्यू जेथे घडला तेथील निबंधकाकडे त्याची नोंद करावी लागते. होडी एका जिल्ह्यातून सुटलेली व देह दुसऱ्या जिल्ह्याच्या हद्दीत सापडलेला असला तर कुटुंबाला दोन कार्यालयांत हेलपाटे पडतात. २१ दिवसांच्या आत नोंद झाल्यास शुल्क लागत नाही. देह सापडलाच नाही तर प्रश्न बिकट होतो. सात वर्षे ज्याची काही वार्ता नाही त्याच्या मृत्यूविषयी कायद्यात गृहीतक आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १११ मध्ये ते कायम राहिले आहे. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळात कोकणातले अनेक मच्छीमार बेपत्ता झाले, तेव्हा त्यांच्या बायकामुलांना या मुदतीचा अर्थ कळला. घरातील कर्ता माणूस नाही, आणि तो गेला असेही कागद म्हणत नाही.

विम्याची तरतूद आहे. २०२० पासून राबविण्यात आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी समूह अपघात विमा ठेवण्यात आला. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वास अडीच लाख रुपये आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २५ हजार रुपये अशी ही तरतूद आहे. वय १८ ते ७० असावे लागते. विम्याचा हप्ता केंद्र व राज्य शासन भरते, मच्छीमाराला काही द्यावे लागत नाही. गोड्या पाण्यातील मच्छीमारही यास पात्र आहेत. मात्र नाव अगोदर नोंदलेले असावे लागते. मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद नसलेला, दुसऱ्याच्या होडीवर रोजाने जाणारा तरुण नेमका येथेच बाहेर राहतो. त्याचे नाव नोंदविण्यासाठी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाशी संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने पत्रव्यवहार करावा. दाव्याच्या वेळी पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल व मृत्यूचा दाखला या कागदांची गरज भासते. कुटुंबातील स्त्रीचे बँकेत खाते नसेल तर तेही त्याच आठवड्यात उघडून द्यावे, म्हणजे पुढे रक्कम अडून राहत नाही.

उजनीवर शिरसोडी ते कुगाव असा पूल मंजूर झालेला आहे. तो वाहतुकीस खुला होईपर्यंत, आणि जेथे पुलाचा विचारही झालेला नाही अशा काठांवर, होड्या चालूच राहणार. त्या बंद करण्याचा आदेश काढला तर माणसे अंधारात प्रवास करतील. त्यापेक्षा किती माणसे बसवावयाची त्याची रंगीत रेघ होडीच्या काठावर मारणे, ढग दिसताच होडी न सोडण्याचा ठराव ग्रामसभेत करणे आणि धक्क्यावर जॅकेटची पेटी ठेवून तिची किल्ली नावाड्याच्याच हाती देणे, हे पावसाळ्याआधी करून घेता येण्याजोगे आहे.