बंजारा भरतकाम
बंजारा भरतकाम : बंजारा वा लमाण समाजातील स्त्रियांचे पारंपरिक सुईकाम. महाराष्ट्रात मराठवाडा, विदर्भ व खानदेश येथील तांड्यांत ते आढळते. कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश व मध्य प्रदेश येथेही त्याचे स्थानिक प्रकार आहेत. घागरा, काचळी व ओढणी यांवरील काम अधिक प्रसिद्ध असले, तरी या कलेचा खरा कस संसारोपयोगी वस्तूंत दिसतो.

बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरवर नेणे, हा बंजाऱ्यांचा मूळ व्यवसाय. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्न्ये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. अशा फिरत्या संसारात पेटी-कपाटाला जागा नसे. सामान पिशव्यांत राही आणि पिशवी हीच घराची शोभा ठरे. मध्य आशियातील लकाई या तुर्की वंशाच्या पशुपालक जमातीतही तंबूत भरतकामाच्या पिशव्या व आच्छादने टांगीत. हे साम्य फिरत्या जीवनपद्धतीतून आलेले असून त्यावरून रक्तसंबंधाचे अनुमान काढणे योग्य नव्हे.

चौकोनी कापडाची तीन टोके आत दुमडून शिवलेली व चौथे टोक झाकण म्हणून मोकळे ठेवलेली ‘कोथळी’ हा यातील प्रमुख प्रकार. जाड्याभरड्या लाल वा निळ्या सुती कापडाचे थर एकावर एक ठेवून ते दाट धावदोऱ्याने जखडतात. त्यामुळे पिशवी टिकाऊ होते. म्हणजे येथे अलंकरण व मजबुती एकाच टाक्याने साधते. त्यावर साखळी व फुलीच्या टाक्यांनी चौकोन, त्रिकोण इ. भौमितिक आकृत्या भरतात. आरसे दोऱ्याच्या जाळीत पकडून भोवती काजटाका घालतात. कडेला कवड्या व लोकरी गोंडे लावतात. पाणी वाहताना डोक्यावर ठेवण्याची चुंबळ आणि तिला जोडलेली, पाठीवर रुळणारी पट्टीही अशीच सजवितात. माळवा-निमाड भागात फुलीटाक्याचे, तर दख्खनमध्ये आरसे व ठिगळकामाचे प्राबल्य आहे.

१८५३ नंतर लोहमार्ग पसरत गेले, तसा बैलांवरील व्यापार संपला व बंजारे शेती आणि मजुरीकडे वळले. बैल गेले, तशी मोठ्या पिशव्यांची गरजही उरली नाही. पुढे जुन्या कामाचे तुकडे कापून उशांचे अभ्रे व भिंतीवरील शोभेचे पडदे होऊ लागले. त्यायोगे काम वाचते, पण वस्तू नाहीशी होते. तुकड्यावरून तो कोथळीचा की चुंबळीचा, हे ओळखणे कठीण जाते. बाजारासाठी होणाऱ्या नव्या कामात टाके विरळ असतात. कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी भरतकामास २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.