स्वतःच्या डोमेनवरचा मेल स्पॅममध्ये जातोय? या तीन नोंदी करून घ्या, पैसा खर्च नाही

बैहर (जि. बालाघाट) : कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की गेट आपल्या बैहर तहसीलमध्ये. ऑक्टोबरात जंगल उघडलं की नागपूर, पुणे, रायपूरकडच्या पाहुण्यांचं बुकिंग सुरू होतं. आता होमस्टे, लॉज, राइस मिल असे छोटे व्यवसायही स्वतःच्या नावाचं डोमेन घेतात आणि त्यावरून मेल पाठवतात. मग तक्रार येते : ‘आम्ही कन्फर्मेशन पाठवलं, पाहुणा म्हणतो मिळालंच नाही.’ मेल गेलेला असतो, पण स्पॅममध्ये पडलेला असतो.

यापेक्षा मोठा धोका दुसराच आहे. समजा, तुमच्याच पत्त्यावरून पाहुण्याला मेल गेला : ‘आमचा बँक खाते नंबर बदललाय, ॲडव्हान्स या खात्यात टाका.’ तो तुम्ही पाठवलेलाच नाही. पाहुण्याचे पैसे गेले आणि नाव खराब झालं तुमचं.

असं होतं कसं?

मेल पाठवण्याची मूळ पद्धत १९८२ सालची. त्यात पाठवणाऱ्याच्या रकान्यात कुणीही कुणाचंही नाव टाकू शकतो, ते तपासायची सोय तेव्हा ठेवलेलीच नव्हती. ती नंतर तीन तुकड्यांत आली : एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याला या तिन्ही नोंदी लागतात. मे २०२५ पासून आउटलुकनेही मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना हेच लागू केलं. ‘आमचे तर दिवसाला वीसच मेल जातात’ म्हणून सुटका नाही. जीमेलला लहान पाठवणाऱ्याकडूनही एसपीएफ किंवा डीकिम, निदान एक तरी हवंच.

चेकच्या भाषेत समजून घ्या

एसपीएफ म्हणजे तुमच्या खात्यावर सही करायचा अधिकार कुणाला, याची बँकेकडे दिलेली यादी. तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, ते यात असतं.

डीकिम म्हणजे चेकवरची सही. प्रत्येक मेलवर प्लॅटफॉर्म एक डिजिटल सही करतो आणि ती पडताळायची किल्ली तुमच्या डोमेनच्या नोंदीत जाहीर असते. वाटेत मजकुरात खाडाखोड झाली तर सही जुळत नाही.

डीमार्क म्हणजे बँकेला दिलेली सूचना : सही जुळली नाही तर काय करायचं? जाऊ द्यायचं, बाजूला ठेवायचं की सरळ परत करायचं? शिवाय समोर दिसणारं नाव आणि आत तपासलेलं नाव एकच आहे का, हेही डीमार्कच बघतो. एकटं एसपीएफ तेवढं बघत नाही, म्हणून तिन्ही लागतात.

करायचं कसं?

१. आधी डोमेनच्या डीएनएस नोंदी कुठे आहेत ते शोधा. डोमेन एकीकडे घेतलेलं, वेबसाइट दुसरीकडे, मेल तिसरीकडे, असं बरेचदा असतं. ‘नेमसर्व्हर’ ज्या कंपनीचा, नोंदी तिथेच करायच्या. भलतीकडे केल्या तर काही उपयोग नाही.

२. तुमच्या नावाने मेल कोण-कोण पाठवतं, त्याची यादी करा. गूगल वर्कस्पेस, झोहो किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ ची मेलपेटी, वेबसाइटचा फॉर्म, बिलिंगचं सॉफ्टवेअर, बुकिंगची यंत्रणा. एक जरी सुटला तरी त्याचे मेल अडकतील.

३. प्लॅटफॉर्मच्या ॲडमिन पानावर एसपीएफ आणि डीकिमच्या तयार ओळी मिळतात. त्या इंग्रजी अक्षरांत असतात. हाताने टाइप करू नका, जशाच्या तशा कॉपी करून चिकटवा.

४. डीकिमची नोंद टाकल्यावर ॲडमिन पानावर परत जा. गूगल वर्कस्पेसमध्ये ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’चं बटण दाबल्याशिवाय सही सुरूच होत नाही. नोंद सगळीकडे पोहोचायला ४८ तासही लागू शकतात.

५. डीमार्कची सुरुवात ‘नन’ या धोरणाने करा. त्यात अडवलं काहीच जात नाही, फक्त तुम्ही दिलेल्या पत्त्यावर रिपोर्ट येतात. काही आठवडे ते बघा. आपले सगळे मेल पास होतायत अशी खात्री झाली की ‘क्वारंटाइन’ आणि शेवटी ‘रिजेक्ट’ करा. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावलं आणि यादीत काही सुटलेलं असलं, तर आपलीच बिलं परत जातील.

इथे लोक चुकतात

एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच. नवीन सॉफ्टवेअर घेतलं की दुसरी ओळ टाकली, असं केलं तर दोन्ही बाद होतात. जुन्याच ओळीत नवीन नाव जोडायचं. तीही फार लांबवता येत नाही, कारण एसपीएफ तपासताना डीएनएसकडे जास्तीत जास्त १० वेळाच विचारणा करता येते. बंद केलेल्या सेवांची नावं काढून टाका.

दुसरं म्हणजे, काही पॅनेल नोंदीच्या नावापुढे डोमेन आपोआप जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव लिहिलं तर ते दोनदा होतं आणि नोंद सापडत नाही.

झालं की नाही, कसं कळणार?

स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा. संगणकावर तो उघडून तीन टिंबांच्या मेनूत ‘शो ओरिजिनल’ दाबा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं की काम झालं. बिलिंग आणि बुकिंगच्या मेलचीही अशीच वेगळी तपासणी करा.

एवढ्याने सगळं थांबेल?

नाही. तुमच्या डोमेनसारखंच दिसणारं, एका अक्षराचा फरक असलेलं दुसरं डोमेन कुणी घेतलं तर या नोंदी त्याला अडवू शकत नाहीत. मेलपेटीचा पासवर्डच चोरीला गेला, तर चोराच्या मेलवरही तुमची खरी सही उमटते. म्हणून दोन टप्प्यांचं लॉगिन चालू ठेवा. ‘खाते नंबर बदलला’ असा मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे टाकू नका. आपल्या गिऱ्हाइकांनाही हे सांगून ठेवा.

पैसे गेलेच तर वेळ घालवू नका, लगेच १९३० वर फोन करा. पाहुणा महाराष्ट्रातला, होमस्टे मध्य प्रदेशातला, असं असलं तरी हा नंबर देशभर एकच आहे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत रोखली जायची शक्यता जास्त.