म्हशीचा पंचनामा होतो, मग माणसाचा का नको?



मी शेतीखात्यातला माणूस. बियाणे, खते, कीड आणि पीककर्ज हे माझे नेहमीचे विषय. आज मात्र रस्त्यावरच्या अपघाताविषयी लिहिणार आहे. कारण एका अपघातात मी स्वतः चुकीचा सल्ला दिला होता, आणि ती चूक एका निरक्षर आजीने माझ्या पदरात घातली.

गोष्ट डिसेंबर २०२२ मधली. माझ्या भागातले एक शेतकरी, त्यांना आपण दादा म्हणू, पहाटे सायकलला दुधाच्या दोन किटल्या अडकवून डेअरीकडे निघाले होते. थंडीचे दिवस, अजून पुरते उजाडले नव्हते. मागून आलेल्या जीपने त्यांना उडवले. दूध रस्त्यावर सांडले, सायकलचे मागचे चाक दुमडले आणि उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडली. जीप शेजारच्याच गावची. ड्रायव्हर पळाला नाही. त्यानेच दादांना दवाखान्यात पोचवले, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादांच्या ओट्यावर बैठक बसली. जीपचे मालक आले, चार जाणती माणसे आली. खतांच्या कामासाठी मी त्या गावात होतो, मलाही बोलावले. मालक म्हणाले, "दवाखान्याचं बघू, वर वीस हजार देतो. पण पोलिसात जाऊ नका. गाडी अडकली तर ऐन हंगामात माझा धंदा बसेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे मत विचारले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकलेले. मीही म्हणालो, "मिटवून टाका. एकमेकांच्या तोंडाकडे रोज बघायचं आहे."

तेव्हा आतून दादांची आई बाहेर आली. म्हणाली, "सायेब, इम्याची म्हस मेली तर तुम्हीच सांगता, कानातला बिल्ला काढू नका, आधी पंचनामा करा. आन् माझ्या लेकाचा पाय मोडला तर मिटवा म्हनता व्हय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. गारपीट झाली, तर बहात्तर तासांत कळवा म्हणून मी तेव्हा गावोगाव सांगत फिरत होतो. आणि घरचा कमावता माणूस मोडून पडला, तर तीन दिवस झाले तरी कागदाचा एक कपटा कोणी लिहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांची पत्नी आणि चुलते यांच्याबरोबर मी पोलीस ठाण्यात गेलो. त्यानंतरच्या अडीच वर्षांत जे शिकलो, ते आता तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला दिवस: माणूस आणि पुरावा

आधी माणूस वाचवा. १०८ किंवा ११२ ला फोन करा. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना लागू झाली आहे. कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्यास नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळतात. दवाखान्यात पाऊल टाकताच याची विचारणा करा.

जखमीला उचलायला आपली माणसे बिचकतात. साक्षीला ओढतील, पोलीस बसवून ठेवतील, ही भीती असते. ती आता ठेवू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली केलेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

डॉक्टरांना अपघात कसा झाला ते खरेखरे सांगा. "सायकलवरून पडला" असे कोणाच्या भिडेखातर लिहून देऊ नका. दवाखान्याच्या कागदावर "जीपने धडक दिली" असे पहिल्याच दिवशी लिहिले होते, म्हणून दादांचा दावा उभा राहिला. गाडीचा नंबर टिपा, जागेचे आणि गाडीचे फोटो काढा. मोडकी सायकल भंगारात घालू नका. धडक मागून बसली की बाजूने, हे ती मुक्यानेच सांगते. दादांची सायकल भंगारवाल्याच्या काट्यावर चढायच्या बेतात होती, ती मी परत आणवली.

फिर्याद

फिर्याद लवकरात लवकर द्या. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाला असला तरी कोणत्याही ठाण्यात ती नोंदवता येते, आणि तिची प्रत फुकट मिळते. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली नाही, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आम्हाला हवालदाराने विचारलेच, "चार दिवस काय करत होता?" पुढे विमा कंपनीच्या वकिलानेही तेच विचारले. पण घरचा माणूस जायबंदी असताना लोक आधी दवाखान्यात धावतात, ठाण्यात नाही, हे न्यायालयांना कळते. फिर्यादीला उशीर झाला, एवढ्याच कारणाने खरा दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे. तरी उशीर हा उशीरच. वाफसा निघून गेल्यावर पेरणी करण्यासारखे ते आहे. उगवण होते, पण कष्ट वाढतात.

दोन वाटा वेगळ्या

इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. फौजदारी खटला वेगळा, भरपाईचा दावा वेगळा.

फौजदारी खटला सरकार चालवते. १ जुलै २०२४ पासून झालेल्या अपघातांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्या खटल्यात जखमीच्या घरी दाणा येत नाही.

भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. ते जिल्ह्याच्या न्यायालयात असते. अपघाताच्या ठिकाणी किंवा आपण राहतो त्या भागातही दावा लावता येतो. तिथे फौजदारीइतका कडक पुरावा लागत नाही, आणि ड्रायव्हर फौजदारीतून सुटला तरी तेवढ्याने दावा बुडत नाही. पोलिसांनीही ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे विचारा. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीवरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. म्हणून मुदत टळली असेल, तरी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नका. आणि मुदत हातात असेल, तर एक दिवसही दवडू नका.

आता मालकाच्या भिडेविषयी. गाडीचा तिऱ्हाइतासाठीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो चालू असेल, तर भरपाई साधारणपणे विमा कंपनी देते. मालकाने हप्ता भरलेला असतो तो याचसाठी. दावा लावला म्हणजे शेजाऱ्याला बुडवले, असे होत नाही. हे त्या बैठकीत आम्हा एकालाही सुचले नाही.

भरपाई कशी मोजतात?

समजा, जखमीचे वय ३८ आणि महिन्याची कमाई १२,००० रुपये. वर्षाचे झाले १,४४,०००. स्वतःचा धंदा असणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीपोटी ४० टक्के धरतात, म्हणजे २,०१,६००. या वयाचा गुणक १५, म्हणून ३०,२४,००० झाले. कमावण्याची ताकद ३० टक्के गेली असे ठरले, तर ९,०७,२०० रुपये. दवाखाना, औषधे, जाण्यायेण्याचा खर्च आणि सोसलेल्या वेदना यांचे पैसे त्याशिवाय.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, डॉक्टरांच्या दाखल्यावरचे टक्के आणि कामातले नुकसान एकच नसते. पाय आखडला तर बैठे काम करणाऱ्याचे भागेल, पण नांगरामागे चालणाऱ्याचे काय? हे न्यायाधिकरणापुढे नीट मांडले पाहिजे. दोन, विमा कंपनी म्हणते, "जमीन तर जागेवरच आहे, उत्पन्न बुडाले कुठे?" तेव्हा आपले राबणे आणि देखरेख यांची किंमत दाखवावी लागते. डेअरीचे पासबुक, कारखान्याची बिले, आडत्याच्या पट्ट्या जपून ठेवा. अपघातानंतर लावलेल्या गड्याची मजुरी वहीत लिहा. दादांच्या पत्नीने डेअरीची दहा वर्षांची पासबुके ट्रंकेतून काढून दिली. तीच सर्वांत उपयोगी पडली.

घरच्या बाईला अपघात झाला तर तिची कमाई शून्य धरू नका. गृहिणीच्या कामालाही मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

गाडी पळून गेली तर?

धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची सरकारी तरतूद आहे. तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करावी. फिर्याद मात्र हवीच.

याशिवाय आमच्या खात्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वहितीधारक शेतकरी किंवा कुटुंबातील एक सदस्य, वय १० ते ७५, यांचा अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख, एक अवयव निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. दुःखात हे दिवस निघून जातात. म्हणून घरच्यांनी नव्हे, शेजाऱ्याने ही आठवण ठेवावी.

जपून

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणालाही देऊ नका. "तक्रार नाही" असा कागद दवाखान्यात बसून लिहून देऊ नका. दवाखान्याभोवती फिरणाऱ्या मध्यस्थांना दूर ठेवा. भरपाईत हिस्सा ठरवून फी घेणे वकिलांच्या नियमात बसत नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे वकील फुकट मिळतो. फोन नंबर १५१००.

आणि आपल्या बाजूनेही कसूर नको. सायकलला मागे लाल परावर्तक आणि पुढे दिवा लावा. आपला थोडा दोष निघाला, तर तेवढी भरपाई कापली जाते. उसाच्या ट्रॉलीला मागे काही न लावता रस्त्यावर उभी करणारेही आपणच असतो, हे विसरू नका.

दादांचा दावा २०२५ मध्ये लोकन्यायालयात विमा कंपनीशी मिटला. मिळाले आठ लाख. त्यातली बरीच रक्कम मुलांच्या नावे बँकेत ठेवायला लावली. फौजदारी खटला अजून चालूच आहे. मधल्या काळात एक म्हैस विकावी लागली, आणि दादांचा पाय काही पूर्वीसारखा झाला नाही. ते आता बांधावर बसून देखरेख करतात. दूध त्यांची पत्नी घालते.

जीपचे मालक वर्षभर बोलत नव्हते. या भरपाईपायी आपल्या खिशातून रुपयाही गेला नाही हे कळल्यावर मात्र यंदा संक्रांतीला तिळगूळ घेऊन आले. आजीने त्यांना बसायला घोंगडी टाकली आणि चहा केला. मला म्हणाली, "सायेब, वैर कुठं हुतं? मला नुसता पंचनामा पायजे हुता."

कोर्टाची पायरी हौसेने चढू नये, हे खरेच. पण जिथे आपला हक्क आहे, तिथली पायरी भिडेपोटी टाळणे याला शहाणपण म्हणता येणार नाही.