चौदा हजार टाके

आमच्या घरी अजून ‘दसरा काढतात’. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात माळ्यावरची भांडी खाली येतात, जळमटं निघतात आणि घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं. माझं माहेर कराडजवळचं. लहानपणी हे धुणं कृष्णेवर जायचं. बैलगाडीत गोधड्यांचा ढीग आणि त्या ढिगावर आम्ही पोरं. ओली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही. खडकावर पसरून ती पायांनी तुडवायची, मग दोघींनी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ घालायचा. दुपार कलली की नदीकाठची सगळी झुडपं रंगीबेरंगी होऊन जायची.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या फ्लॅटमध्ये दसरा काढताना माळ्यावरून सासूबाईंची एक जुनी गोधडी हाती आली. वरचं पातळ पार विरलेलं, बोट लावलं तरी फाटत होतं. मी ती टाकायच्या ढिगात ठेवली. सासूबाईंनी ती परत ओढून घेतली. म्हणाल्या, “अगं, वरचं गेलंय, आतलं शाबूत आहे. दुसरं घाल वरून.” शिवणातलं मला बटण लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. पण त्यांच्या त्या एका वाक्याने मी अडकले. आतलं म्हणजे नेमकं काय, हे मला पाहायचं होतं.

आत काय होतं

त्या रविवारी मी गोधडी उसवायला बसले. वरच्या पातळाखाली धोतर निघालं, पाणी पिऊन पिऊन मलमलीसारखं झालेलं. त्याखाली सदऱ्यांच्या पाठी होत्या. कॉलर, बटणपट्ट्या, जाड शिवणी काढून टाकून फक्त सपाट कापड घेतलेलं. आणि सगळ्यात मधे आणखी एक गोधडी होती. लहान, बाळाच्या मापाची, तिचे टाके अजून जागच्या जागी. सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली. “ही ह्याची,” म्हणाल्या, म्हणजे माझ्या नवऱ्याची. त्याच्या दुपट्यावरच पुढे मोठी गोधडी चढवली होती, हे त्याला पन्नाशीत कळलं.

हा प्रकार आपल्याकडे सर्रास होता. जुनी गोधडी नवीच्या पोटात घालायची. त्याआधी लुगड्याचे किती जन्म होऊन जायचे! नऊवारी नेसून नेसून बसण्याच्या, गुडघ्याच्या जागी विरायचं. मग तेवढा भाग कापून दोन धड तुकडे जोडायचे. याला ‘दंड घालणं’ म्हणत. दंडाचं लुगडं फाटलं की त्यातून पोरीचं परकर-पोलकं, मग गोधडी, गोधडीतून उरलेल्याचं पोतेरं आणि शेवटी काकडा. कापड जळून जाईपर्यंत घराच्या कामी येई. प्रत्येक पायरीवर एका बाईने कापड उजेडात धरून ठरवलेलं असे, की यात अजून किती जीव आहे.

आत्याची शाळा

दिवाळीला आत्या आली तेव्हा मी तिला धरलं. आत्याने 1972 च्या दुष्काळात खडी फोडली आहे आणि उभ्या आयुष्यात मोजता येणार नाहीत इतक्या वाकळा शिवल्या आहेत. आमच्याकडे गोधडीला वाकळच म्हणतात. तिने आधी माझं कपाट उघडायला लावलं. एकेक साडी चिमटीत धरून, चुरगाळून सोडून देत होती. चुरगळा धरला ती सुती, ती उजवीकडे. सळसळत निसटली ती डावीकडे. पंचवीस-तीस साड्यांतून उजवीकडे चार आल्या.

“एवढ्यावर कसं भागायचं, पोरी? तुजी सासू लुगडी नेसायची तवाची बात येगळी,” आत्या म्हणाली.

शेवटी सासूबाईंनी आपल्या ट्रंकेतून एक नऊवारी काढून दिलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याची चौघडी घातली की दोन मीटर लांबीचे चार थर होतात, रुंदी जेमतेम एक मीटर दहा सेंटिमीटरची. म्हणजे एका माणसाची गोधडी एकाच लुगड्यात बसते. बाहेरचे दोन थर मजबूत ठेवायचे आणि मधे मऊ भर घालायची.

गोधडी पसरायला जमीन लागते. आम्ही सोफा आणि टीपॉय बाल्कनीत नेले. आत्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. कापड ताणून चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि पाण्याने भरलेले दोन डबे ठेवले. हाताने सुरकुत्या मधून कडेला सारल्या. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना बांधून घेतले. आणि मग खरी शिवण: कडेपासून सुरू करून चौकटीत चौकट, आत आत जात मध्यापर्यंत. साधा धावदोरा. दोन ओळींत बोटभर अंतर.

या साध्या टाक्याचं काम फार मोठं आहे. ऊब कापडात नसते, थरांमधे अडकलेल्या हवेत असते. थर सैल राहिले तर भर एका बाजूला गोळा होते आणि मधली जागा थंड पडते. टाके फार दाट घातले तर हवा दबून गोधडी फळीसारखी होते. बोटभर अंतर हे कित्येक पिढ्यांच्या थंडीतून ठरलेलं माप आहे.

मी हिशेब मांडून पाहिला. रुंदीत दीड सेंटिमीटरला एक ओळ धरली तर 73 ओळी होतात. प्रत्येक ओळ दोन मीटरची, म्हणजे 146 मीटर शिवण. एक सेंटिमीटरला एक टाका धरला तर साडेचौदा हजारांवर टाके. मी नवशिकी, मिनिटाला दहा टाके घालायची. म्हणजे नुसती सुई चालवण्याचे 24 तास. आत्याला हा आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, “आमी कवा मोजलं न्हाई. भांडी घासून झाली की चार टाकं घालायचं.”

शिवणाऱ्यांचं गणगोत

शिवता शिवता मी वाचायला लागले. दादर-पुण्याची ग्रंथालयं, ओळखीतल्या म्हाताऱ्या बायका, जिथे जे मिळेल ते. तेव्हा कळलं की आपली गोधडी एकटी नाही. उत्तर कर्नाटकात हीच कौदी होते, सिंध-कच्छात रल्ली, बिहारमध्ये सुजनी, बंगालमध्ये कांथा. कांथा हा शब्द संस्कृत ‘कंथा’शी जुळतो. जोगी-बैराग्यांच्या अंगावरचं ठिगळांचं वस्त्र ते हेच. बौद्ध भिक्खूंचं चीवरही तुकडे जोडून शिवतात आणि त्याची रचना मगधातल्या शेतांच्या बांधांवरून घेतली, असं विनयपिटकात सांगितलं आहे. वैराग्याची खूण म्हणून ज्या काळात कुणी ठिगळं अंगावर घेतली, त्याच काळात कुठल्या तरी घरात तीच ठिगळं थंडीसाठी जोडली जात असणार.

महाराष्ट्रात ठिगळांना हा मान गाडगेबाबांनी दिला. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या डेबूजींना लोक ‘गोधडे महाराज’ही म्हणत. चिंध्यांचा अंगरखा घालून ते गावोगाव रस्ते झाडत फिरले. लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्यांच्या अंगावर मात्र शेवटपर्यंत ठिगळंच होती.

मला सर्वात जवळचे वाटले ते सिद्दी. आफ्रिकेतून आलेल्या या समाजाचे बरेच पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या गुलामीतून निसटून उत्तर कन्नडच्या जंगलात गेले. यल्लापूर, हळियाळ, मुंडगोड या भागात ते आजही राहतात आणि त्यांच्या घरांत कोकणी बोलली जाते. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. कडेने सुरुवात करून चौकटीत आत जाण्याची रीत तीच, आत्याची. पण शेवटी त्या चार कोपऱ्यांना कापडाच्या घडीचं ‘फुला’ लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते, असं त्या मानतात. हे वाचलं तेव्हा आत्याची एक गोष्ट लखकन आठवली. आमच्या वाकळीचा शेवटचा कोपरा शिवताना तिने डब्यातून चिमूटभर तांदूळ आणून आत टाकले होते. “रिकाम्या पोटी कुनाच्या अंगावर घालू न्हाई,” म्हणाली होती. ज्या घरात धान्य मोजून शिजायचं, तिथली बाई पांघरुणाचंही पोट भरते!

कापड कुठे गेलं

गोधडी मागे पडली याचं खापर आपण नव्या पिढीवर फोडतो. माया राहिली नाही, सवड राहिली नाही म्हणतो. माझ्या कपाटातल्या डाव्या ढिगाने मला वेगळंच सांगितलं. गोधडी मागे पडली, कारण तिचा कच्चा माल संपला.

मुंबईत कावसजी दावरांनी 1854 साली कापडगिरणीचा पाया घातला. पुढची सव्वाशे वर्षं गिरणीचं सुती कापड गावोगाव पोचलं. हातमागाची लुगडी होतीच. घरात सुती कापड होतं म्हणून गोधडी होती. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर मुंबईच्या गिरण्या सावरल्याच नाहीत. 1985 च्या वस्त्रधोरणाने सुती आणि कृत्रिम धाग्यांमधला भेद काढून टाकला. घराघरांत पॉलिस्टर आलं. ते लवकर विरत नाही, पटकन वाळतं, इस्त्री लागत नाही. राबणाऱ्या बाईला त्याने खरोखर सुख दिलं आणि त्याबद्दल तिला बोल लावायचा अधिकार कुणाला नाही. पण पॉलिस्टर घाम शोषत नाही, जुनं होऊन मऊ होत नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी हौसेने वरून एक छान गुलाबी सिंथेटिक साडी घातली होती. ओळीगणिक ती पुढे सरकत गेली आणि बघते तर आतल्या बाजूला मूठभर झोळ साठला होता. चार दिवसांचं काम एका रात्रीत उसवलं.

दुसरं कारण बोहारीण. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बाई दारात यायची, तेव्हा आमच्या आईच्या पिढीने लुगडी दिली आणि डबे, पातेली घेतली. पितळेला कल्हई लागते, स्टीलला लागत नाही. तो सौदा शहाणपणाचाच होता. पण ज्या ट्रंकेत पुढच्या गोधडीची भर साठत असे, ती ट्रंक त्यातून रिकामी झाली.

तिसरं कारण जागा. गोधडीला दोन मीटरची मोकळी जमीन लागते आणि आमच्या हॉलमध्ये ती सोफ्याखाली आहे. चौथं, सोबत. वाड्यात, वस्तीत चार बायका चार कडांना बसत. एकटी बाई दोन महिने जे ओढते ते चौघी दोन आठवड्यांत संपवतात.

म्हणून बाजारात आज हजारो रुपयांना मिळणाऱ्या हातशिवणीच्या गोधड्या पाहिल्या की मी किंमत बघून नाक मुरडत नाही. 24 तास नुसत्या सुईचे, वर कापड निवडणं, धुणं, पसरणं. मी फक्त एवढंच विचारते, शिवणाऱ्या बाईच्या हातात यातले किती पडले? साडेचौदा हजार टाक्यांचा हिशेब एकदा स्वतः केला की हा प्रश्न पाठ सोडत नाही.

आमची गोधडी

माझी पहिली गोधडी पुरी व्हायला अडीच महिने लागले. रात्री जेवणं झाली, ओटा पुसला की अर्धा-पाऊण तास. सुरुवातीला घरात कुरबूर झाली. मुलगा दहावीत, त्याची सायकल हॉलमधून काढताना चाक कापडावरून जायचं. नवरा ताटं घेऊन कडेकडेने चालायचा. मग हळूहळू घडी उलगडली की तो आपसूक दोन डबे भरून कोपऱ्यांवर ठेवू लागला. सासूबाईंना सुईत दोरा दिसत नाही, पण टाका वाकडा गेला तर बोटाला कळतो. डोळे मिटून त्या ओळीवरून हात फिरवायच्या आणि थांबल्या की मी तिथून उसवायचे. दिव्याच्या उजेडाकडे तोंड करून बसायला मी शिकले. अंगुस्तानाशिवाय शिवू नये, हे मात्र मधल्या बोटाने शिकवलं.

संक्रांतीला आत्या पुन्हा आली. तिने गोधडीची सरळ बाजू पाहिलीच नाही. उलटी करून मांडीवर घेतली आणि बोट फिरवत निघाली.

“हितं घाईत हुतीस,” एका जागी थांबून म्हणाली. तिथे टाके बोटाबोटाचे झाले होते. ती माझ्या बँकेतल्या ऑडिटची रात्र होती. पुढे एका हातभर जागेत टाके इतके बारीक आणि घट्ट होते, की कापड आक्रसलं होतं. आत्याने विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या दोन रात्री मुलाला ताप होता. त्याच्या उशाशी बसून, दर तासाला कपाळाला हात लावत मी तेवढा तुकडा शिवला होता.

“हे उसवू का?” मी विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “धुतल्यावर मऊ पडंल.”

यंदा दसरा काढला तेव्हा ती गोधडी तिसऱ्यांदा धुतली. मशीनमध्ये घालायचा मला धीर होत नाही, म्हणून गच्चीवर टबात तुडवली. उचलायला गेले तर उचलेना. खाली हाक मारली. मुलगा आला, बाह्या सारल्या, एक टोक त्याने धरलं, एक मी. त्याला मी पीळ त्याच्या उजवीकडे घालायला सांगितलं आणि समोरून मीही माझ्या उजवीकडे घातला. पाणी धो धो गळालं. दोरीवर टाकल्यावर मी ती तापाच्या रात्रीची जागा शोधली. बोटाने चाचपून पाहिली, पण तिथलं कापड आता बाकीच्यासारखंच मऊ झालं होतं. मला ती जागा सापडली नाही.