विश्लेषण : पंचा, गमछा की स्टोल? ट्रेकच्या सॅकमध्ये कोणते कापड असावे?

पावसाळा सरला की सुट्टीच्या पहाटे हार्बर मार्गावरच्या पनवेल लोकलमध्ये सॅकवाले दिसू लागतात. कलावंतीण किंवा प्रबळगडाला जाणारे थेट पनवेल गाठतात. कळसूबाई, रतनगड किंवा पेठचा किल्ला गाठणारे कुर्ल्याला उतरून कसारा किंवा कर्जत लोकल पकडतात. यातल्या बहुतेकांच्या गळ्यात एक रंगीत कापड असते. फोटोत ते शोभून दिसते. पण वाटेत कुणाचा हात मोडला, कुणाला ऊन लागले किंवा कड्यावरचे मोहोळ उठले, तर त्या कापडाचा उपयोग होईल का, हे ते विकत घेतानाच ठरलेले असते.

कॉटन ग्रीनशी या कापडाचे नाते काय?

‘ग्रीन’ म्हणजे मोकळे मैदान. पूर्वी कुलाब्याच्या मैदानात कापसाच्या गाठींचा बाजार भरत असे. विसाव्या शतकात तो शिवडीजवळ भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर हलला आणि नावही सोबत आले. गाठी आणि पोती डोक्यावरून वाहणारा तो माथाडी. त्याच्याजवळ एक सुती कापड कायम असे. पीळ देऊन गोल गुंडाळले की त्याची चुंबळ व्हायची, सोडले की घाम पुसायला पंचा आणि दुपारी डोळ्यांवर घेतले की सावली. आज दुकानात ‘मल्टियूज स्कार्फ’ म्हणून जे मिळते, त्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. वारकऱ्याचे उपरणे आणि शेतकऱ्याचे मुंडासे त्याच घराण्यातले. स्काउटच्या गळ्यातला स्कार्फही नुसता गणवेश नाही, तो प्रथमोपचाराची पट्टी म्हणून वापरायला शिकवले जाते.

सुती की सिंथेटिक?

सह्याद्रीतल्या बहुतेक ट्रेकसाठी पातळ सुती कापड बरे. सूत पाणी धरून ठेवते. नेहमीच्या हवेतही कोरडे सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा शोषते, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणूनच ओला पंचा मानेवर टाकला की गारवा वाटतो. पाण्याची वाफ होताना ती अंगातली उष्णता घेऊन जाते.

पण हवा कोरडी असेल तरच हे नीट घडते. नाशिक-नगरच्या पठारावर मार्चच्या उन्हात ओले कापड चांगले काम करते. कोकणातल्या दमट हवेत वाफ कमी होते आणि गारवाही कमी मिळतो. तिथे कापडाचा खरा उपयोग डोके आणि मान झाकण्यापुरता.

पावसाळ्यात सुताचा गुणच दोष ठरतो. भिजलेले कापड लवकर वाळत नाही आणि माथ्यावरच्या वाऱ्यात अंगातली ऊब शोषत राहते. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर ओले सूत गळ्यात ठेवून बसू नये. पावसाळी ट्रेकला लवकर वाळणारे पॉलिएस्टर आणि हिमालयात लोकर सोयीची. मात्र पॉलिएस्टर चुलीजवळ नेऊ नका. ते वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो.

नळीसारखा बफ पुरेसा नाही का?

धूळ, थंड वारा आणि कानाला बसणारा गारठा यांसाठी बफ उत्तम. तो सुटत नाही आणि त्याची टोके कशात अडकत नाहीत. पण तो उलगडून सपाट करता येत नाही. त्याची झोळी होत नाही, त्यात सामान बांधता येत नाही. एकाच कापडाकडून अनेक कामे हवी असतील, तर ते चौकोनी आणि मोठे हवे.

आकार किती हवा?

निवडीत सर्वांत जास्त चूक इथेच होते. साधा बंडाना रुमाल घाम पुसायला ठीक, पण प्रौढ माणसाच्या हाताला त्याची झोळी बांधता येत नाही. प्रथमोपचारातली त्रिकोणी पट्टी साधारण एक मीटर चौरस कापड तिरके कापून तयार होते. त्यामुळे प्रत्येक बाजू किमान एक मीटर हवी. एवढ्या चौकोनाचा कर्ण सुमारे १४१ सेंटिमीटर भरतो. हाताखालून घेऊन मानेमागे गाठ मारण्याइतकी ही लांबी असते. लांबट स्टोल किंवा ओढणी डोक्याला गुंडाळायला छान, पण रुंदी कमी असेल तर कोपर नीट पेलत नाही.

विकत घ्यावे की बेतून घ्यावे?

ब्रँडेड स्कार्फच हवा असे नाही. दादरच्या हिंदमाता बाजारातून मलमल किंवा व्हॉइल घेता येते. ४४ इंची पन्हा असलेले कापड सव्वा मीटर घ्या. पन्हा सुमारे ११२ सेंटिमीटर भरतो. कापड आधी धुऊन आटू द्या, मग चौकोन कापून कडा दुमडून शिवून घ्या. असा चौकोन वजनाला शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो.

घेताना तीन गोष्टी पाहा. कापड उजेडासमोर धरा. आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार येणार. ओला पांढरा रुमाल त्यावर घासा. रंग उतरला तर ते कापड जखमेजवळ नको. रंग पिवळा, केशरी असा उठून दिसणारा घ्या. धुक्यात चुकलेला माणूस त्यामुळे लवकर दिसतो. गडद रंग टाळा. मधमाश्या गडद रंगावर जास्त चवताळून येतात.

अपघातात ते कसे वापरावे?

हात दुखावला असेल तर कापडाचा त्रिकोण करा. त्रिकोणाचे टोक कोपराकडे आणि पंजा कोपरापेक्षा किंचित वर ठेवा. गाठ मणक्यावर न येता मानेच्या बाजूला यावी. बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच सैल करा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा. घडी भिजली तरी ती काढू नका, वर दुसरी ठेवा. घोटा मुरगळला तर बूट न काढता वरूनच आठाच्या आकड्यासारखी पट्टी बांधा.

ऊन लागून माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत न्या. मान, काखा आणि जांघेत ओले कापड ठेवून वारा घाला आणि १०८ क्रमांकाला फोन करा.

मोहोळ उठले तर हात झाडत बसू नका. डोके आणि चेहरा कापडाने झाका, वाट दिसेल एवढी फट ठेवा आणि तिथून लांब व्हा.

कापडाने काय करू नये?

साप चावल्यास हाता-पायाला आवळपट्टी बांधू नये. रक्तप्रवाह अडून अवयवाचे नुकसान होते. अवयव हलू न देता, सैल आधार देऊन रुग्णालय गाठावे. स्कार्फ म्हणजे दोर नव्हे. कड्यावर कुणाला त्याने ओढून घेण्याचा प्रयत्न दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.

पाणी गाळण्याबाबतही गैरसमज आहे. बांगलादेशातील मतलब भागात रिटा कॉलवेल यांच्या पथकाने केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले होते. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या ज्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात, ते घडीत अडकतात. जुने कापड यासाठी जास्त उपयोगी, कारण धुऊन धुऊन धागे पिंजतात आणि छिद्रे बारीक होतात. पण सुटे जंतू आणि विषाणू त्यातून निसटतात. म्हणून किल्ल्यावरच्या टाक्याचे पाणी गाळल्यावरही उकळावे किंवा त्यात क्लोरीनची गोळी टाकावी.

लोकलच्या दारात, मोटरसायकलवर आणि कातळ चढताना कापडाची टोके मोकळी लोंबू देऊ नयेत. ती आत खोचावीत किंवा कापड सॅकमध्ये ठेवावे.

मग एक कापड पुरेल का?

इथेच ‘एकात अनेक’ या जाहिरातीची मर्यादा कळते. ज्याने दिवसभर घाम आणि धूळ पुसली, ते कापड जखमेवर ठेवता येत नाही. भिजलेले कापड रात्री ऊब देत नाही. म्हणून एक चौकोन गळ्यात असावा आणि तसाच दुसरा, धुऊन वाळवलेला, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून सॅकच्या वरच्या कप्प्यात. वजन वाढेल ते शंभर ग्रॅम. निघण्याच्या आदल्या रात्री घरातल्या कुणाच्या तरी हाताला एकदा झोळी बांधून पाहा. कापड अपुरे पडत असेल तर ते घरीच कळेल आणि दुसरे घ्यायला वेळ असेल.