पन्नास लाख चौरस मीटरचं चित्र

एडवर्ड वॉड्सवर्थने १९१९ मध्ये लिव्हरपूलच्या सुक्या गोदीत उभी असलेली आगबोट रंगवली. कॅनव्हास तीन मीटर उंच आणि जवळजवळ अडीच मीटर रुंद. बोटीच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे असे आडवेतिडवे धावतात की नाळ कुठे आणि बाजू कुठे, हे चटकन उमगत नाही. तळाशी रंगारी दिसतात, बोटीपुढे मुंगीएवढे. आज हे चित्र ओटावाच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि चित्र म्हणून ते अवाढव्यच. पण वॉड्सवर्थच्या हिशेबाने ते किरकोळ असणार, कारण पहिल्या महायुद्धात त्याने दोन हजारांवर खऱ्या बोटींच्या रंगकामावर देखरेख केली होती.

बोटींवर असे पट्टे ओढण्याची कल्पना नॉर्मन विल्किन्सनची. हा पेशाने समुद्रचित्रकार. त्याचं एक चित्र टायटॅनिकच्या धूम्रपानकक्षात टांगलेलं होतं आणि ते बोटीबरोबरच बुडालं. १९१७ मध्ये तो नौदलाच्या राखीव दलात होता. त्या वर्षीचा एप्रिल ब्रिटनला फार जड गेला. दोस्त आणि तटस्थ देशांच्या मिळून साडेआठ लाख टनांहून जास्त बोटी त्या एका महिन्यात बुडाल्या, बहुतेक जर्मन पाणबुड्यांमुळे. ब्रिटनहून लांबच्या सफरीला निघालेल्या चार बोटींतली एक परत येत नव्हती.

बोट लपवायची तर धुराचं काय करणार? आणि आभाळ तर तासातासाला रंग बदलतं. विल्किन्सनचं म्हणणं असं, की लपवूच नका. बोट खुशाल दिसू द्या, फक्त ती कुठे चाललीय ते कळू देऊ नका.

यामागे साधं गणित आहे. टॉर्पेडो बोटीवर नेम धरून सोडत नाहीत, बोट जिथे पोहोचणार त्या पाण्यावर सोडतात. समजा बोट १२ नॉट वेगाने चाललीय, टॉर्पेडोचा वेग ३५ नॉट आणि मधलं अंतर एक किलोमीटर. टॉर्पेडोला पोहोचायला ५५ सेकंद लागतात. तेवढ्यात बोट ३४० मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे १२० मीटरची बोट असेल तर स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ तिप्पट. आता पाणबुडीच्या कप्तानाने वेग १२ ऐवजी ९ नॉट धरला, तर नेम ८५ मीटरने मागे पडतो आणि मध्यावर मारलेला टॉर्पेडो बोटीच्या मागून निघून जातो. तीन नॉटची चूक, बस्स. तीही पेरिस्कोप पाण्याबाहेर फार वेळ ठेवता येत नाही अशा घाईत करायची. पट्टे होते ते ही चूक घडावी म्हणून.

लंडनच्या रॉयल अकॅडमीत विल्किन्सनने दुकान थाटलं. माणसं जेमतेम दोन डझन, त्यांत कलाशाळांतल्या बऱ्याच मुली. लाकडाची छोटी प्रतिकृती रंगवायची, फिरत्या पाटावर ठेवायची, पेरिस्कोपमधून बघायची आणि दिशा ओळखू आली तर रंग पुसून पुन्हा सुरुवात. जमलं की नक्षी कागदावर उतरवायची: एका फुटाला इंचाचा सोळावा भाग, म्हणजे मूळ बोटीच्या १९२ पट लहान. ते कागद बंदराबंदरांत जात. बोटीच्या दोन्ही बाजूंची नक्षी वेगवेगळी असे.

युद्ध संपेपर्यंत ब्रिटनच्या चार हजारांवर व्यापारी बोटी अशा रंगल्या. मी ढोबळ हिशेब मांडून पाहिला. सरासरी बोट ११० मीटर लांब, पाण्यावर सहा मीटर उंच धरली, तर दोन्ही बाजू मिळून तेराशे चौरस मीटर. चार हजार बोटींचे झाले पन्नास लाखांवर. चाळीस-पंचेचाळीस शिवाजी पार्क रंगवून काढण्यासारखं हे काम, आणि नक्षी काढणारे दोन डझन!

अशा रंगलेल्या बोटींत ऑलिम्पिकही होती, टायटॅनिकची थोरली बहीण. लांबी २६९ मीटर, पाण्यापासून वरच्या डेकपर्यंत अठरा मीटर. दोन बाजूंचं क्षेत्रफळ साडेनऊ हजार चौरस मीटरच्या वर, म्हणजे वॉड्सवर्थचे तेराशे कॅनव्हास. हॅलिफॅक्सला परतलेल्या सैनिकांनी गच्च भरलेल्या याच पट्टेवाल्या ऑलिम्पिकचं चित्र आर्थर लिस्मरने काढलं. चित्रात गर्दी दिसते, कोळसा दिसत नाही. युद्धकाळात ऑलिम्पिक १,८४,००० मैल धावली, सुमारे दोन लाख माणसं तिने वाहिली आणि ३,४७,००० टन कोळसा खाल्ला. भागाकार केला तर दर मीटरला किलोभराहून जास्त पडतो, आणि तो सगळा फावड्याने भट्टीत टाकलेला.

ब्रिटिश व्यापारी बोटींवर तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास हिंदी खलाशी होते. सारंग, टंडेल, आगवाले. रत्नागिरीकडचे डेकवर, गोव्याचे खानपानाला. त्यांतले सुमारे ३,४०० युद्धात गेले. या बोटींवर राबणाऱ्यांची ही संख्या चित्रांच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

मग पट्ट्यांचा उपयोग झाला का? १९१८ च्या पहिल्या तिमाहीत हल्ला झालेल्या पट्टेवाल्या बोटींपैकी ७२ टक्के बुडाल्या किंवा जायबंदी झाल्या, साध्या बोटींपैकी ६२. दुसऱ्या तिमाहीत पारडं फिरलं: ६० आणि ६८. शिवाय १९१७ पासूनच बोटींचे तांडे करून संरक्षणात पाठवायला सुरुवात झाली होती, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं हा प्रश्न उरलाच. नौदलाचा निष्कर्ष असा, की पाणबुड्यांवर परिणाम सिद्ध होत नाही, पण खलाशांना धीर येतो. अमेरिकेच्या मोठ्या व्यापारी बोटींत रंगवलेल्या ११ बुडाल्या. त्यांतल्या चार टॉर्पेडोने, तीन सुरुंगांनी आणि चार चक्क टकरींत. (दिशा न कळण्याचा त्रास शत्रूपुरताच राहिला का, ही शंका येतेच.)

१९२२ मध्ये सरकारी आयोगाने या शोधाबद्दल विल्किन्सनला दोन हजार पौंड दिले. चार हजार बोटींनी भागलं तर बोटीमागे दहा शिलिंग, त्या वेळच्या भावाने सुमारे साडेसात रुपये.