सेफ्टी पिनांची मोटर

घरी एक टॉर्चचा मोठा सेल आणि दोन सेफ्टी पिना असतील, तर या रविवारी मुलांना घेऊन विजेची मोटर बनवाच. हा प्रयोग महाराष्ट्रात घरोघरी पोचवण्यात पुण्याच्या अरविंद गुप्ता यांचा मोठा वाटा आहे.

मोटर वाइंडिंगच्या दुकानातून एनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार आणा. २२ ते २४ गेज चालेल. सेलभोवतीच साधारण १० वेढे घ्या, कडं काढून घ्या आणि दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर ठेवा. पिना सेलच्या दोन टोकांना जाड रबरबँडने घट्ट बांधा. सेलवर छोटा चुंबक ठेवा आणि कड्याची टोकं पिनांच्या छिद्रांत अडकवा.

खरी गंमत त्याआधी तार खरवडण्यात आहे. एका टोकाचं एनॅमल पूर्ण काढायचं. दुसऱ्या टोकाला मात्र कडं उभं धरून फक्त वरची अर्धी बाजू खरवडायची. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली, तर अर्ध्या फेरीनंतर बल उलटं होतं आणि कडं जागीच डुगडुगतं. अर्धं एनॅमल ठेवलं की त्या वेळी प्रवाह तुटतो आणि कडं वेगाच्या जोरावर पुढे जातं. मोठ्या डीसी मोटरमध्ये बल उलटं होऊ न देण्याचं काम कम्युटेटर करतो. मला हा या प्रयोगातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

सुरुवातीला बोटाने हलका धक्का द्या. फिरून झालं की कडं लगेच काढा, कारण सेल तापतो. आणि चुंबक लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही, एवढं बघा.